दर पावसाळ्यात तीच भिंत, तोच डाग: गवंडीकामाचा कस आणि खर्च कसा तपासावा

साताऱ्यातलं आमचं घर १९८८ सालचं. नऊ इंची विटांच्या भिंती, वर एक मजला, पुढे अंगण. पावसाळ्यात यवतेश्वराकडून वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो आणि सगळा पश्चिमेच्या भिंतीवर बसतो. वरच्या खोलीत त्या भिंतीला, खिडकीखालच्या डाव्या कोपऱ्यात, जूनअखेर रंगाला फोड यायचे. जुलैत ते फुटून पोपडे निघायचे आणि ऑगस्टमध्ये पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, फुटायचा. दिवाळीच्या आधी खरवडून, पुट्टी भरून, रंग मारला की भिंत नव्यासारखी. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून.

सहा वर्षांत ही भिंत मी तीनदा दुरुस्त करून घेतली. पहिल्या दोन वेळा पैसे गेले आणि डाग राहिला. तिसऱ्यांदा डाग गेला, आणि तो खर्च दुसऱ्या वेळेच्या निम्म्याहूनही कमी होता. असं का झालं ते शोधताना जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण घरोघरी हीच तक्रार ऐकते: "आत्ताच तर काम करून घेतलं होतं!"

पहिल्या दोन वेळा काय चुकलं

पहिल्यांदा रंगाऱ्याचं ऐकलं. आतला पोचट गिलावा काढून वॉटरप्रूफ पुट्टी आणि ओलरोधक रंगाचे दोन हात. एक पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात जुना डाग जागच्या जागी आणि त्याच्या वर हातभर उंचीवर एक नवा. बाहेरून येणारं पाणी येतच होतं. आतली वाट बुजवल्यावर ते भिंतीत साठलं आणि जिथे रंगाची पकड कमी होती तिथून बाहेर आलं. ओलसर भिंतीला आतून लावलेला कुठलाही थर असाच वागतो. "ताई, चार फूट टाइल लावून टाका, विषयच संपला" असंही एकाने सुचवलं होतं. ज्यांनी तसं केलं त्यांच्या घरी टाइलच्या वरच्या कडेपासून ओल सुरू झालेली मी पाहिली आहे.

दुसऱ्यांदा बाहेरून पूर्ण भिंतीला नवा गिलावा द्यायचं ठरवलं. काम उक्तं दिलं, मालासकट. तीन दिवसांत उरकलं. भिंत गुळगुळीत दिसत होती, मी ठरलेली रक्कम त्याच संध्याकाळी देऊन टाकली. तेव्हा मी पोती मोजली होती, पण त्याचा अर्थ मला कळत नव्हता. तो हिशेब आता सांगते.

भिंत वीस फूट लांब, दहा फूट उंच, म्हणजे २०० चौरस फूट. गवंड्याच्या भाषेत दोन ब्रास. (गिलाव्यात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट आणि वाळूत ब्रास म्हणजे १०० घनफूट. एकाच बोलण्यात दोन्ही येतात, तेव्हा कुठला ब्रास चालला आहे ते विचारून घ्या.) बाहेरचा गिलावा २० मिलिमीटर जाडीचा आणि एकास चार मालाचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) असेल, तर एका ब्रासला साधारण पावणेदोन पोती सिमेंट लागतं. आमच्या भिंतीला साडेतीन पोती लागायला हवी होती. आली होती दोन. त्या दोन पोत्यांत जर २० मिलिमीटर जाडी खरंच भरली असेल, तर माल एकास सातच्या घरात गेला होता. आणि माल एकास चारच असेल, तर जाडी अकरा-बारा मिलिमीटरच्या पुढे गेली नव्हती. दोन्हींपैकी एक नक्की घडलं होतं, आणि दोन्ही बाहेरच्या भिंतीला चालत नाही.

त्याहून मोठी चूक वर्षभराने दिसली. खिडकीजवळ गिलाव्याला बारीक चीर गेली होती. मी नखाने जरा ओढली तर तळहाताएवढा पापुद्रा अख्खा हातात आला. उलटा करून पाहिला, तर मागच्या बाजूला आमचा जुना पिवळा रंग चिकटलेला होता. नवा गिलावा विटेला धरलाच नव्हता. जुन्या रंगावर नुसता टेकला होता.

आधी ओल कुठून येते ते ठरवा

गवंड्याला बोलावण्याआधी हे करा. फुकट होतं, फक्त वेळ लागतो. ओलीचा आकार आणि तिची वेळ, या दोन गोष्टींवरून बहुतेक वेळा उगम कळतो.

जमिनीपासून सुरू होऊन तीन-साडेतीन फुटांपर्यंत सलग पट्टा असेल आणि तो उन्हाळ्यातही पूर्ण जात नसेल, तर पाणी जोत्यातून वर चढतं आहे. जुन्या घरांत जोत्यावर ओलरोधक थर घातलेलाच नसतो. नव्या घरांत तो असतो, पण नंतर अंगणात पेव्हर ब्लॉक किंवा कोबा घालताना बाहेरची जमीन इतकी उचलली जाते की तो थर मातीखाली जातो. आमच्या आळीत एका घरी नेमकं हेच झालं होतं. त्यांनी भिंतीलगत नऊ इंच रुंदीची फरशी काढून चर मोकळा केला आणि पुढच्या वर्षी ओल निम्म्यावर आली.

बाराही महिने सारखीच ओल आणि भिंतीच्या पलीकडे बाथरूम किंवा सिंक असेल, तर पाइपाकडे बघा. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. आकडा पुढे गेला असेल तर दाबाच्या पाइपात गळती आहे. आकडा तसाच राहिला, तर बाथरूम दोन-तीन दिवस न वापरता डाग फिका होतो का ते बघा. झाला, तर फरशीचे सांधे किंवा सांडपाण्याचा पाइप.

छताच्या कोपऱ्यातून उतरणारी ओल गच्चीची. गच्चीचे पन्हळ बुजवून दोन इंच पाणी ४८ तास साठवून ठेवलं की उत्तर मिळतं. बऱ्याचदा कोबा चांगला असतो आणि चिरलेला असतो तो वाटा, म्हणजे कठड्याच्या बुडाशी कोपरा बुजवायला मारलेला सिमेंटचा गोलसर पट्टा.

पाऊस नसतानाही भिंत दमट लागते, काळी बुरशी धरते, पण पोपडे निघत नाहीत, असं असेल तर खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर बसत असण्याची शक्यता आहे. फूटभर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ, मागच्या बाजूला आले तर भिंतीतलं पाणी. वाफेच्या त्रासावर गवंडी बोलावून उपयोग नाही, हवा खेळती ठेवावी लागते.

आमचा डाग यातल्या कशातच बसत नव्हता. तो फक्त पश्चिमेचा वारा असला की यायचा. तिसऱ्या वेळी जे वयस्कर मिस्त्री आले, त्यांनी आल्या आल्या भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "ताई, पाऊस थांबल्यावर डाग किती दिवसांनी सुकतो?" मी म्हटलं, "उघडीप मिळाली की चार-पाच दिवसांत फिका पडतो." ते म्हणाले, "मग वाट जवळचीच आहे." एवढं बोलून ते बाहेरच्या बाजूने शिडीवर चढले, खिडकीच्या कडप्प्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि मला वर बोलावलं. पाणी बाहेर पडायच्या ऐवजी चौकटीकडे वळलं आणि चौकट व भिंत यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत दिसेनासं झालं. कडप्प्याला उतार आतल्या बाजूला होता. १९८८ पासून.

खात्रीसाठी त्यांनी नळीने पाणी मारून बघितलं. ही चाचणी करताना खालून वर जायचं: आधी खिडकीखालची भिंत पंधरा-वीस मिनिटं भिजवायची, मग कडप्पा, मग चौकटीच्या बाजू, शेवटी छज्जा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. मी आत खुर्ची टाकून कोपऱ्याकडे बघत बसले. नुसती भिंत भिजवली तेव्हा काही झालं नाही. कडप्प्यावर पाणी सुरू केल्यावर पाऊण तासाने कोपऱ्यातल्या रंगाखाली बोटाएवढा भाग गडद झाला आणि बघता बघता पसरला. सहा वर्षांचा प्रश्न होता, आणि उत्तर साडेतीन फुटांच्या दगडात निघालं.

किती तोडायचं, हे आवाजावरून

उगम कळला तरी मधल्या वर्षांत सुटलेला गिलावा काढावा लागतोच. पण सगळा नाही. थापीच्या लाकडी मुठीने भिंतीवर वीतभर अंतराने ठोकत जायचं. धरलेला गिलावा टणक वाजतो, सुटलेला पोकळ, भदभद वाजतो. पोकळ भागाला खडूने कडा काढायच्या. हे मी स्वतः केलं. मिस्त्रींनी फक्त दोन ठिकाणी खडूची रेघ थोडी बाहेर सरकवली. २०० चौरस फुटांतले साधारण ७० चौरस फूट तोडावे लागले. "अख्खी भिंतच काढू" असं कुणी ठोकून न बघता सांगितलं, तर आधी ठोकून दाखवायला सांगा.

तोडलेली कड गोलाकार, वेडीवाकडी ठेवू नये. सरळ चौकोनात कापली तर जुन्या-नव्याचा सांधा नीट बसतो.

जे झाकलं जाणार आहे, तेच बघायचं असतं

गिलाव्याचं काम संपल्यावर वरून सगळे सारखेच दिसतात. फरक आत असतो, आणि तो बघायची संधी अर्धा-एक दिवसच मिळते. म्हणून सुट्टी काढायची तर शेवटच्या दिवशी न काढता पहिल्या दोन दिवशी काढा.

जुना गिलावा विटेपर्यंत निघाला पाहिजे. विटांमधले सांधे अर्धा इंच खोल कोरून, तारेच्या ब्रशने घासून, सैल भुकटी काढून टाकायची. लोणा फुटलेला असेल तिथे आधी कोरड्याच ब्रशने झाडा. पाणी मारलं की क्षार विरघळून पुन्हा विटेत जातो. काँक्रीटचा बीम किंवा कॉलम गुळगुळीत असेल तर त्याला छिन्नीने दाट टाचे मारले पाहिजेत. आणि वीट व काँक्रीट जिथे भेटतात तिथे सांध्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी कोंबडजाळी ठोकायची. ही जाळी न लावल्याने पडणारी सरळ आडवी चीर इतक्या घरांत दिसते की लोकांना ती नैसर्गिक वाटायला लागली आहे.

मग भिंत भिजवणं. मूठभर पाणी विटेवर मारा. झटकन शोषलं गेलं तर वीट तहानलेली आहे, ती मालातलं पाणी ओढून घेईल आणि गिलावा कच्चा राहील, अजून भिजवा. पाणी चकाकत ओघळून गेलं तर वर रंग किंवा तेलकटपणा शिल्लक आहे, अजून घासा. भिंत ओलसर हवी, पाणी निथळणारी नको.

वाळूची परीक्षा घरच्या घरी होते. सरळ बाजूंची काचेची बाटली घ्या, दहा सेंटिमीटर वाळू भरा, वर चमचाभर मीठ घातलेलं पाणी, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वाळू खाली बसते आणि तिच्यावर चिखलाचा बारीक थर साचतो. तो आठ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर ती वाळू गिलाव्याला घेऊ नका. आता नदीची वाळू सहज मिळत नाही, बहुतेक काम दगड फोडून केलेल्या क्रश सँडवर चालतं. तिच्यात भुकटी जास्त असते. गिलाव्यासाठी वेगळी, धुतलेली प्लास्टर सँड मिळते. ती थोडी महाग असते, पण दुरुस्तीच्या कामाला वाळू लागते किती? माझ्या ७० फुटांना सहा घनफुटांच्या आसपास. तिथे वाचवण्यासारखं काहीच नसतं.

माल मोजताना शब्दावर जाऊ नका, घमेली मोजा. सिमेंटचं ५० किलोचं पोतं म्हणजे सुमारे ३५ लिटर. पहिलं पोतं फोडलं की त्याची आपल्या घमेल्याने किती घमेली होतात ते एकदा मोजून घ्या आणि वाळू त्याच्या चौपट, त्याच घमेल्याने, काठोकाठ. माझ्याकडे सिमेंटची अडीच घमेली झाली, म्हणून वाळू दहा. मी पायरीवर बसून खडूने रेघा मारत होते. बिगारी मुलाला पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं, मग तोच "मावशी, आठ झाली" असं सांगू लागला. पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं घेऊ नका, आणि बोटांत दाबून न फुटणारे खडे असतील तर परत करा.

एकदा पाणी घातलेला माल अर्ध्या तासात, फार तर तासाभरात वापरून संपला पाहिजे. जेवणाच्या सुट्टीआधी कालवलेल्या मालात नंतर पाणी घालून तो पुन्हा सारखा करतात. तो दिसायला चांगलाच होतो, पण धरत नाही. दुसरी सवय म्हणजे ओला गिलावा लवकर आवळावा म्हणून त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवणं. त्याने वरची साय कडक होते आणि महिन्याभरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. या दोन गोष्टी करणार नाही, हे मी कामाआधीच बोलून घेतलं. वाईट वाटून घेतलं नाही मिस्त्रींनी. उलट म्हणाले, "बघणारं कुणी असलं की हात बरा चालतो."

बाहेरचा गिलावा दोन थरांत: पहिला बारा-पंधरा मिलिमीटरचा, खरखरीत ठेवलेला, तो भिजवून आवळू द्यायचा; वर पाच-आठ मिलिमीटरचा दुसरा. एकदम जाड थर मारला की तो आपल्याच वजनाने खाली सरकतो.

यानंतरचं काम आपलं: पाणी मारणं. दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस, दिवसातून तीन वेळा. बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं असतं, त्याला दहा दिवस द्या. ऊन लागणाऱ्या भिंतीवर ओली गोणपाटं टांगली तर गिलावा मध्ये सुकत नाही. उक्त्या कामात नेमका हाच भाग सुटतो, कारण गवंडी तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. पाणी कोण मारणार हे आधी ठरलं पाहिजे. मी स्वतः मारलं आणि त्याचे पैसे हिशेबातून कमी करून घेतले.

दहा दिवसांनी पुन्हा मुठीने ठोकून बघा. लोखंडी खिळ्याने एका कोपऱ्यात ओरखडा काढा: बारीक पांढरी रेघ उमटली तर ठीक, वाळू भुकटीसारखी गळू लागली तर माल कच्चा किंवा पाणी कमी पडलं. सहा फुटी पाटा भिंतीवर टेकवून फट बघा. सूत-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चालेल, बोट जाता कामा नये. रंगाची घाई नको. नवा गिलावा चार आठवडे तरी सुकू द्या.

कडप्प्याचं काम त्या मानाने छोटं होतं. जुना काढून नवा बसवला: बाहेर अर्धा इंच उतार, भिंतीपासून इंचभर पुढे, आणि पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला एक खाच, म्हणजे थेंब तिथेच तुटून खाली पडतो, मागे भिंतीकडे सरकत नाही. छज्ज्याच्या खालीही तशीच खाच कापली. चौकटीभोवतीची फट सिमेंटने न भरता लवचीक सीलंटने भरली, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि सिमेंट तिथे टिकत नाही.

दर समजून घेताना

तीन जणांकडून भाव घेतले तेव्हा एकाचा दर चौरस फुटाला दुसऱ्याच्या जवळपास निम्मा होता. दोघांना एकेक ओळ लिहून द्यायला सांगितलं तेव्हा कळलं की स्वस्त दरात तोडफोड, मलबा उचलणं, परांची आणि पाणी मारणं, यातलं काहीच धरलेलं नव्हतं. ते मिळवल्यावर फरक नाममात्र उरला. म्हणून "फुटाला किती?" असं न विचारता, "त्या फुटात काय काय?" असं विचारा. तोडणं, मलबा, परांची, माल कुणाचा, थर किती, जाडी किती, जाळी, ओलरोधक रसायन घालणार असतील तर कुठलं व किती लिटर, पाणी कोण मारणार. वहीच्या एका पानावर मावतं.

यासाठी चांगला नमुना म्हणजे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची. तिच्यात गिलाव्याच्या कलमाची भाषाच अशी असते: इतक्या मिलिमीटर जाडीचा, इतक्या प्रमाणाच्या मालाचा, परांची आणि क्युरिंगसह (म्हणजे पाणी मारण्यासह) पूर्ण. दर चौरस मीटरला असतो, त्याला १०.७६ ने भागलं की चौरस फुटाचा येतो. सरकारी दर घरगुती छोट्या कामाला तसाच्या तसा लागू पडत नाही, पण कुणी त्याच्या तिप्पट मागत असेल तर कारण विचारता येतं, आणि कुणी निम्म्यात करतो म्हणत असेल तर त्याहून जास्त विचारता येतं.

मोजमापाची रीत आधी ठरवा: खिडकी वजा करायची की नाही, तिच्या आतल्या कडा मोजायच्या की नाही. सरकारी मोजमापात अर्ध्या चौरस मीटरपेक्षा लहान मोकळी जागा वजा करत नाहीत. मोठ्या खिडक्यांच्या बाबतीत दोघांनी मिळून आधीच फीत धरा.

छोट्या कामाला फुटाचा दर लावणं गवंड्यावर अन्याय करणारं आहे. पंधरा फुटांच्या ठिगळासाठीही त्याचा पूर्ण दिवस जातो, अवजारं आणावी लागतात, परांची बांधावी लागते. असं काम रोजावर द्यावं. मग अंदाज हवा तो दिवसाच्या कामाचा: एक गवंडी आणि त्याच्या हाताखाली बिगारी असले की मोकळ्या भिंतीवर दिवसाला ८० ते १०० चौरस फूट गिलावा होतो. ठिगळाच्या कामात आणि उंचीवर याहून कमी. आमच्याकडे तोडायला एक, गिलाव्याला दोन आणि कडप्प्याला एक, असे चार रोज लागले.

नोंदणीकृत ठेकेदार असेल तर बिलावर १८ टक्के जीएसटी येतो. तो दरात धरलेला आहे की वर, हे लिहून घ्या. सिमेंटवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीच्या भावावर बेतलेलं अंदाजपत्रक कुणी पुढे केलं तर सिमेंटची ओळ पुन्हा तपासा.

उचल देताना हात आखडता घेण्याचं कारण नाही, मजुरांना रोजचा खर्च असतो. पण टप्पे ठेवा: तोडून विटा उघड्या झाल्या की एक, पहिला थर झाला की दुसरा, ठोकून तपासल्यावर तिसरा. आणि दहाएक टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर. हे शेवटचं कामाआधी मान्य करून घ्यायचं, नंतर अडवून ठेवायचं नाही. आमच्या मिस्त्रींनी ते एका शब्दात मान्य केलं. ज्यांनी दुसऱ्या वेळी काम केलं होतं, त्यांना मी असं विचारलंच नव्हतं.

वेळही पैशाचीच गोष्ट आहे. मे महिन्यात पावसाच्या धास्तीने सगळेच गवंडी शोधतात, दर चढतो, भिंत तापलेली असते आणि पाणी टंचाईचं असतं. दिवाळीनंतर भिंतीला दीड-दोन महिने सुकू द्या आणि जानेवारीच्या सुमारास काम काढा.

जिथे गिलाव्याने भागत नाही

तीन खुणा दिसल्या तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. बीम, कॉलम किंवा स्लॅबखाली सळईच्या रेषेत चीर आणि तांबूस डाग असतील, तर आत लोखंड गंजून फुगलं आहे. त्यावर साधा गिलावा मारला तर गंज आत चालूच राहतो आणि पुढच्या वेळी मोठा ढपला पडतो. काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून, गंज पूर्ण घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मिसळलेल्या मालाने ते भरावं लागतं, आणि सळई किती झिजली आहे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच बघायला हवं. दुसरी खूण, विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी तिरपी जाणारी चीर, विशेषतः रुंदावत असेल आणि दारं अडकू लागली असतील तर. तिसरी, जुनी वाडा पद्धतीची माती-चुन्यातली भिंत. तिला सिमेंटचा घट्ट गिलावा दिला की आतली ओल कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. तिथे चुन्याचंच काम जाणणारा माणूस शोधावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीचे कागद काढावेत. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. ते झालेलं असेल तर तुमच्या भिंतीबद्दल त्यात काहीतरी लिहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे.

काम जानेवारीत झालं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस झड लागली होती तेव्हा मी रोज सकाळी त्या कोपऱ्यावर हात फिरवून बघत होते. भिंत कोरडी होती. पाचव्या दिवशी मिस्त्रींना फोन करून उरलेले पैसे घेऊन जायला सांगितलं. ते आले, पैसे खिशात ठेवायच्या आधी वर जाऊन स्वतः कोपरा ठोकून आले. खाली येताना जिन्यातल्या उत्तरेच्या भिंतीवर त्यांना एक तिरपी चीर दिसली. तिच्या दोन्ही टोकांना त्यांनी पेन्सिलने आडव्या रेघा मारल्या, शेजारी तारीख घातली आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत हिला हात लावू नका. रेघेच्या पुढे गेली तर इंजिनिअरला दाखवा. नाही गेली तर मी भरून देतो." ती रेघ मी दर पंधरा दिवसांनी बघते. अजून तरी चीर तिच्या आतच आहे.